डावीकडे सरकणारा पाइप

"तुम्ही पाण्यासाठी खोदता, आम्ही पाण्यातून खोदायचो," असं समुंदरवाले काका आमच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. गिऱ्हाईक बिचारं शेतात बोर मारायची चौकशी करायला आलेलं असायचं. काकांचे पांढरे केस आणि सरळ पाठ पाहून त्याला वाटायचं, हेच इथले मोठे साहेब. तो हात जोडायचा आणि तिथेच अडकायचा.

काका साहेब नव्हते, आमचे घरमालक होते. पांढुर्ण्यात आमचा बोरचा धंदा. गाडी, कॉम्प्रेसर आणि माणसं माझ्या नवऱ्याकडे. फोन, तारखा, गिऱ्हाइकं आणि भांडणं माझ्याकडे. ऑफिस, मागचं मोठं अंगण आणि वरचं घर काकांचं. त्या अंगणाला आम्ही यार्ड म्हणतो. बोरची गाडी म्हणजे ट्रकवर चढवलेलं एक मजली देऊळच असतं. ती जिथे पूर्ण वळते अशी जागा हायवेजवळ सहसा मिळत नाही. काकांच्या यार्डात ती एका दमात वळायची. त्या एका गोष्टीसाठी मी काकांचं पुष्कळ ऐकून घेतलं.

काकांनी अख्खी नोकरी मुंबईच्या पुढे, समुद्रात, तेल शोधणाऱ्या जहाजांवर आणि लोखंडी मचाणांवर केली होती. काही दिवस समुद्रात, काही दिवस घरी. निवृत्त झाल्यावर गावी आले. इथून समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी लांबच. जाम नदी आहे, तिला पावसाळ्यात पाणी असतं. पण काकांनी त्याचं काही वाटून घेतलं नाही. ते समुद्र डोक्यात घालूनच आले होते.

त्यांचा विषय एकच. समुद्रात बोर मारताना पाइप जहाजापासून तळापर्यंत पाण्यात उभा असतो, फिरत असतो, आणि पाणी त्याच्या आजूबाजूने वाहत असतं. त्या पाण्यामुळे पाइपाचं काय होतं? या प्रश्नाचं उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतून उठवलं तरी देईन.

"समुद्र म्हणजे विहीर नाही बाई," काका समोरच्या खुर्चीत बसून सुरू करायचे. ते मला बाई म्हणायचे, माझ्या नवऱ्याला भाऊ. "समुद्रात पाणी वाहते. वर एकीकडे, खाली दुसरीकडे. सुरुवातीले बाहेरचा जाडा पाइप लावेल नसते. आतला फिरता पाइप उघडा पाण्यात. तो सरळ राहीन काय?"

"नाही राहणार," मी बिल लिहीत म्हणायची.

"काऊन नाही राहणार?"

इथे चुकून वर पाहिलं की गेला अर्धा तास. मी वर पाहत नसे. काकांना त्याची गरज नव्हती. ते स्वतःच स्वतःला "काऊन?" विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. उत्तर असं: पाणी पाइपाला धडकून दोन्ही बाजूंनी जातं, पण एकदम जात नाही. एकदा डावीकडून भोवरा सुटतो, एकदा उजवीकडून. डावा, उजवा, डावा, उजवा. त्या तालावर पाइप थरथरतो. आणि पाइप जोरात फिरायला लागला की थरथर कमी होते, पण एका बाजूने तो पाण्याला सोबत ओढतो, दुसऱ्या बाजूने अडवतो, म्हणून सगळाच्या सगळा एका अंगाला ढकलला जातो.

याचं त्यांनी एक वाक्य करून ठेवलं होतं: "थांबला तो थरथरला, फिरला तो सरकला."

हे वाक्य ते पाइपापुरतं ठेवते तर माझी तक्रार नव्हती. पण त्यांनी ते माझ्या सासूबाईंना ऐकवलं. सासूबाईंचा हात थोडा कापायचा. काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही बसून राहता, म्हणून हे. जरा फिरत जा." सासूबाईंनी विचारलं, "अन् मंग सरकली तं?" यावर काका पहिल्यांदाच विचारात पडले. म्हणाले, "सरकाल, पण कोणत्या बाजूले ते पहिलेच सांगता येते." सासूबाई त्यानंतर काका खाली आले की आत जाऊन बसायच्या.

सवयीही सगळ्या तिकडच्याच. कोणाच्या घरी गेले की चहाआधी विचारायचे, "तुमच्याकडचं सांडपाणी कुठून कुठं जाते?" मग खुर्ची फिरवून पाणी येतं त्या बाजूला तोंड करून बसायचे. लोकांना वाटायचं, नगरपालिकेत तक्रार करायला आले. दोन-तीन बायांनी तर आपल्या तुंबलेल्या नाल्याही दाखवल्या. काका त्या मन लावून पाहायचे. तुंबलेल्या नालीवर ते नाराज असायचे, कारण तिच्यात प्रवाह नसायचा.

गोटमारीला तर त्यांचा वेगळाच कार्यक्रम. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. पांढुर्णा या काठावर, सावरगाव त्या काठावर, आणि झेंड्यासाठी दोन्हीकडून दगडफेक. अख्खं गाव झेंड्याकडे पाहतं. काका झाडाच्या बुडाकडे पाहायचे. दूर, एका गच्चीवर, जुन्या नोकरीतलं पिवळं हेल्मेट घालून, दुर्बीण लावून. मी एकदा विचारलं, काय पाहता?

"झाड थरथरून राहिलं," काका म्हणाले. "पाण्यानं. कोणाचंच ध्यान नाही."

"लोकं दगड मारून राहिले काका. झाडाचं काय घेऊन बसले?"

"लोकं दरसाल मारतात," ते म्हणाले. "पाणी दरसाल एवढं नसते."

त्या दिवशी पांढुर्ण्यात हेल्मेट घातलेला तो एकटाच माणूस होता, त्यामुळे त्याला वेडा कसं म्हणावं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

एकदा मात्र आमचं नुकसान झालं. सौंसरकडे एका संत्र्याच्या बागायतदाराचं काम होतं. बाग मोठी, जुनी विहीर आटत आलेली, माणूस बोलीला पक्का. काका गाडीच्या केबिनमध्ये बसून गेले. मी त्या दिवशी सोबत होते, कारण माझं माहेर रामाकोन्याचं, परतताना जाऊन यायचं होतं. बागायतदाराने पाणी पाहणारा बोलावला होता. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून झाडांमधून चालत होता. नारळ उभा राहील तिथे पाणी. नारळ एका जागी उभा राहिला. सगळे खुश झाले. गाडी लावायची एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात बागायतदाराने काकांना आदराने विचारलं, "साहेब, तुमच्या अनुभवात बोर सरळ जाते ना?"

काका म्हणाले, "आमचा तं कधीच गेला नाही."

मग त्यांनी मातीत काडीने समुद्र काढला. वर जहाज, खाली तळ, मधे इंग्रजी एस अक्षरासारखा वाकलेला पाइप. वरचं पाणी इकडे, खालचं तिकडे. बागायतदार उकिडवा बसून पाहत होता.

"म्हणजे माझ्या जमिनीखाली पाणी वायत असन, तं माझा बोर असा होईन?"

"तुमच्या जमिनीत दगड आहे," माझा नवरा घाईने म्हणाला. "दगडात काही होत नाही."

"दगडात नाही होत," काका म्हणाले. ते खोटं कधी बोलायचे नाहीत. "पण खाली वाहतं पाणी असलं तर मी काही सांगू शकत नाही. मी दगडातला माणूस नाही."

बागायतदार म्हणाला, साळ्याला विचारून सांगतो. साळ्याने काय सांगितलं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्याची गाडी उभी होती. त्या दिवशी परतताना माझा नवरा रस्ताभर डिझेलचा हिशोब करत होता. काका मात्र खिडकीतून बागा पाहत आनंदात होते. "माणूस हुशार होता," ते म्हणाले. "एकदाच सांगितलं, समजलं त्याले."

त्यानंतर मी नियम केला: काकांनी गाडीवर जायचं नाही, आणि ऑफिसात गिऱ्हाईक असताना समुद्र काढायचा नाही. त्यांनी मान्य केलं. मग ते मला बाजारात सापडू लागले.

आमचा आठवडी बाजार अरुंद गल्लीत भरतो. एका बाजाराच्या दिवशी काका मला भाजीच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवून म्हणाले, "बाई, इथं उभ्या राहा अन् पाहा. मी पाइप. लोक पाणी." आणि गल्लीच्या मधोमध जाऊन हात अंगाला चिकटवून ताठ उभे राहिले. हातात पिशवी, पिशवीत दोन मुळे.

गर्दी येत होती. खरं सांगायचं तर काका म्हणाले तसंच होत होतं. एक घोळका डावीकडून निघाला की जरा वेळाने एक उजवीकडून. त्यांच्या पाठीमागे थोडी जागा मोकळी राहत होती, आणि तिथे माणसं उगाच वळून घुटमळत होती.

"काका, बाजूले व्हा ना जी," कांद्याची गोणी डोक्यावर घेतलेली एक बाई म्हणाली.

"पाइप बाजूले होत नाही," काका समोर पाहत म्हणाले.

"मंग पाइपाले घरी न्या," ती मला म्हणाली. तिला वाटलं, मी त्यांची सून.

मग काका हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागले. पिशवीही फिरायला लागली. लोक पिशवीतले मुळे चुकवायला एकाच बाजूने जाऊ लागले, काका दुसऱ्या बाजूला सरकत गेले, आणि शेवटी एका म्हातारीच्या मेथीच्या ढिगावर बसले. म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

"फिराचं हाये तं मैदानात जा बापा," ती म्हणाली. "इथं मेथी विकते मी."

"पण सरकलो ना?" काका तिला विचारत होते. "सरकलो की नाही? तुम्ही पाहिलं ना?"

"सरकले," ती म्हणाली. "आता उठा."

ती सगळी मेथी मला घ्यावी लागली. आम्ही पराठे खाल्ले, भाजी खाल्ली, शेवटी शेजारी वाटली.

इथपर्यंत सगळं चालण्यासारखं होतं. मग त्यांच्या मुलाने ठरवलं की चालणार नाही.

काकांचा मुलगा प्रशांत नागपुरात नोकरीला. बायको गेल्यापासून काका एकटेच होते, म्हणून तो महिन्यातून एकदा यायचा. सभ्य माणूस, इस्त्रीची पँट, बोलणं कमी. लहानपणी वडील निम्मा वेळ समुद्रात असायचे आणि उरलेला निम्मा वेळ समुद्राबद्दल बोलायचे, त्यामुळे त्याने समुद्र या विषयावर कान बंद करून घेतले होते. त्या पावसाळ्याच्या शेवटी तो आला तो सरळ ऑफिसात, माझ्यासमोर येऊन बसला.

"ताई, बाबांना नागपूरला नेतो. डोकं ठिकाणावर राहिलं नाही त्यांचं. परवा माझ्या साहेबांकडे पूजेला नेलं, तर प्रसादाच्या रांगेत मधे उभे राहिले. म्हणे, मी पाइप."

"अन् फिरले का?" मी विचारलं.

"फिरले."

मी पुढचं विचारलं नाही.

"हे सगळं विकून टाकतो," तो म्हणाला. "तुम्ही दुसरी जागा पाहून ठेवा."

माझ्या डोळ्यांपुढे आमची गाडी आली, आणि ती कुठेच वळेना. मी काकांना खाली बोलावलं. काका आले, खुर्ची फिरवून बसले.

"मी नाही येत," ते म्हणाले. "मी वेडा नाही. मी सांगतो ते खरं आहे, तुले समजत नाही ते वेगळं."

"काय खरं आहे? फिरता पाइप पाण्यात आपोआप बाजूला जातो? कोणी न ढकलता?"

"पाणी ढकलते ना बे."

"पाणी पुढे ढकलेल. बाजूला कसं ढकलेल?"

"डावीकडे," काका म्हणाले. "वरून पाहताना घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असन, अन् पाणी जाते तिकडे तुझं तोंड असन, तर डावीकडेच जाते."

प्रशांतने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे पाहा आता. मग तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "ठीक आहे बाबा. दाखवा. पाइप थरथरला अन् डावीकडे गेला, तर राहा इथे, काही विकत नाही. नाही गेला, तर बॅग भरायची अन् माझ्यासोबत बसमध्ये बसायचं. परत पाइपाचं नाव काढायचं नाही."

"मंजूर," काका म्हणाले.

हे दोघे बोलून मोकळे झाले. तयारी माझ्याकडे आली, कारण जागा माझी जाणार होती.

गावाबाहेर जाम नदीवर एक छोटा रपटा आहे, म्हणजे शेतात जायचा बुटका, बिनकठड्याचा पूल. पाणी रपट्याखालच्या मोऱ्यांतून येतं आणि पलीकडच्या बाजूला जोरात बाहेर पडतं. पाऊस नुकताच ओसरलेला, पाणी भरपूर. मी आमच्या सामानाच्या लॉरीवरचा जनरेटर घेतला, मोठी हातातली ड्रिल मशीन घेतली, आणि आमचा ऑपरेटर शालिकरामला सांगितलं, एक जाडा प्लॅस्टिकचा पाइप दोन्ही तोंडं बंद करून मशीनला पक्का बसव. शालिकराम आमचा सगळ्यात भरवशाचा माणूस. सांगितलेलं काम तर करतोच, न सांगितलेलंही करतो.

रविवारी सकाळी आम्ही रपट्यावर जमलो. मी, माझा नवरा, काका पिवळं हेल्मेट घालून, प्रशांत पँट दुमडून, शालिकराम, आणि एक म्हशीवाला, जो फक्त पलीकडे जायला आला होता आणि थांबला. ठरलं असं की मशीन प्रशांतनेच धरायची, म्हणजे कोणी हात लावला असं नको. तो रपट्याच्या काठावर, पाणी जातं तिकडे तोंड करून उभा राहिला. शालिकरामने त्याच्या कमरेला दोर बांधून टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि पाइप पाण्यात सोडला.

"पहिले मशीन बंद," काका म्हणाले. "बंद पाइप थरथरते ते पाहा. पकड घट्ट."

सगळ्यांनी पाइपाकडे पाहिलं. पाइप पाण्यात उभा होता. पाणी त्याच्या आजूबाजूने खळाळत होतं. पाइप शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा गप्प उभा होता.

"काय होऊन राहिलं?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," प्रशांत म्हणाला.

"हाताला लागते काय काही?"

"काहीच नाही बाबा."

काका वाकले. पुन्हा सरळ झाले. इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण ते गप्प उभे आहेत असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हशीवाला म्हणाला, "काय पाहाचं हाये इथं?"

"चला बाबा," प्रशांत हळूच म्हणाला. जिंकल्याचा आवाज नव्हता तो. "दुपारची गाडी आहे."

मी मनातल्या मनात यार्डातले बोरचे लोखंडी रॉड मोजायला लागले, किती फेऱ्यांत हलवता येतील ते. तेवढ्यात काका रपट्यावर चक्क पालथे पडले आणि मान खाली लोंबकळवून पाइपाकडे पाहायला लागले.

"हे काय गुंडाळलं?" त्यांनी विचारलं.

पाइपाला झेंडूचा हार होता. जाडजूड, पिवळा. आमच्याकडे कोणताही बोर पूजेशिवाय सुरू होत नाही. नारळ, उदबत्ती, हळदकुंकू, आणि रॉडला हार. इतका रोजचा प्रकार की तो हार मी सकाळपासून पाहत होते आणि मला दिसला नव्हता.

"हार हाये जी," शालिकराम म्हणाला. "पूजा केली. पूजेबिगर मशीन कशी लावू?"

"कसा गुंडाळला?"

"नेहमीसारखा. खालून वर, गोल गोल नेला. दोऱ्यानं आवळला, सुटला नाही पाहिजे म्हणून."

काका उठून बसले आणि हसायला लागले. हेल्मेट डोळ्यांवर आलं तरी हसत होते. प्रशांत घाबरला. त्याला वाटलं, झालं, आता नागपूरही नाही, सरळ दवाखाना.

"अरे, हेच करतात ना," काका म्हणाले. "समुद्रात पाइप थरथरू नये म्हणून त्याच्यावर असेच पट्टे लावतात. खालून वर, वेटोळे. मंग पाणी साऱ्या पाइपावर एकसाथ सुटत नाही. कुठं आधी सुटते, कुठं मागून. ताल जमत नाही, थरथर बंद. तिकडं मोठेमोठे इंजिनियर लागले याले. अन् यानं झेंडूनं केलं."

"म्हणजे आता हाराचं कारण," प्रशांत म्हणाला.

"काढ म्हणतो ना हार. काढ अन् पाहा."

"हार नाही निघत जी," शालिकराम म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"काम सुरू हाये. चालू कामात पूजेचा हार काढत नाही. एकदा काढला होता एकानं, तं रॉड तुटून खाली राह्यला. अजून तिथंच हाये."

"शालिकराम, हा बोर नाही," माझा नवरा म्हणाला.

"मशीन हाये, पाइप हाये, पाणी हाये. बोर नाही तं काय हाये?"

काका त्याला समुद्र समजावून सांगायला लागले, ते तर मी तिथेच थांबवलं. आमच्या धंद्यात अशी भांडणं रोज असतात. माणसाला खोटं पाडून काम होत नाही, त्याला वाट द्यावी लागते.

"शालिकराम," मी म्हटलं, "हार फेकायचा नाही, पाण्यात सोडायचा नाही. मशीन ज्याच्या हातात आहे त्याच्या गळ्यात घातला तर चालते काय?"

त्याने विचार केला. "सत्कार म्हणून चालते," तो म्हणाला.

तेव्हा पाइपावरचा हार सोडवून प्रशांतच्या गळ्यात घालण्यात आला. ओला होता. म्हशीवाल्याने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, कार्यक्रम हाच.

पाइप पुन्हा पाण्यात गेला. आणि या वेळी तो एका क्षणात जागा झाला. आधी बारीक, मग ठसठशीत, डावा-उजवा, डावा-उजवा. प्रशांतचे कोपर हलायला लागले, खांदे हलायला लागले, गळ्यातला झेंडू नाचायला लागला.

"बा-बा-बा," तो म्हणाला. पुढचं अक्षर येईना.

"आता मशीन सुरू कर," काका म्हणाले. "हळू हळू वाढव. पाय पक्के ठेव."

पाय पक्के ठेवायचं त्याने ऐकलं नसावं. जनरेटर घुरघुरला, पाइप फिरायला लागला, थरथर गेली. प्रशांतने सुटल्यासारखा श्वास घेतला, आणि पाइप डावीकडे निघाला. हळूच नाही, बैल गोठ्याकडे निघतो तसा. पाइपामागे मशीन, मशीनमागे प्रशांत, प्रशांतमागे दोर आणि दोरामागे शालिकराम, असे सगळे रपट्यावरून डावीकडे गेले. माझ्या नवऱ्याने धावत जाऊन जनरेटर बंद केला. तोवर प्रशांत रपट्याच्या कडेच्या चिखलपाण्यात मांडी घालून बसला होता. पँटची इस्त्री गेली होती. मशीन त्याने सोडली नव्हती, हे त्याच्या बाजूने सांगायला पाहिजे.

काका पुढे आले आणि हात देऊन त्याला उठवू लागले. प्रशांत उठला नाही. तो पाइपाकडे पाहत होता.

"डावीकडेच काऊन गेला?" त्याने विचारलं.

काकांचा हात तसाच राहिला. "काय म्हणला?"

"नाही, म्हणजे, उजवीकडे का नाही गेला? उलटा फिरवला असता तर?"

काका त्याच्या शेजारी चिखलात बसले. मी लॉरी सुरू करायला सांगितली, कारण मला या पुढचं पाठ होतं.

लॉरीच्या मागच्या फाळक्यात दोघं बोलत आले. म्हणजे एक बोलत होता आणि दुसरा मधेमधे "पण मग" म्हणत होता. बसस्टँडवर नागपूरची गाडी लागलेली होती. प्रशांत ओल्या पँटने आणि गळ्यातल्या हाराने चढला. लोकांनी निवडून आलेला समजून त्याला खिडकीची जागा दिली. काका खाली उभे राहून खिडकीतून सांगत होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला. काका खिडकीसोबत चालायला लागले. गाडीने वेग घेतला तेव्हा ते दोन पावलं पळाले, दारातला दांडा धरला आणि आत चढले. हेल्मेट डोक्यावर, पायात रबरी चपला, सोबत काही नाही.

"काका, तुम्ही तर जिंकले," मी मागून ओरडले. "तुम्हाले इथंच राहायचं होतं ना."

त्यांनी ऐकलं की नाही देव जाणे. गाडी वळली.

मी यार्डात परतले. वरच्या घराचं दार सताड उघडं, पंखा चालू, गॅसवर झाकून ठेवलेला भात. पंखा बंद केला, वाळत घातलेला पंचा आत घेतला, कुलूप लावून किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. भात शालिकरामने खाल्ला.

संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. "ताई, बोलल्याप्रमाणे यार्ड विकत नाही. तुम्ही निवांत राहा." मागे काकांचा आवाज येत होता, न थांबता.

"बरं झालं," मी म्हटलं. "अन् काका? त्यांना उद्याच्या गाडीत बसवून देता काय?"

तो फोन घेऊन बहुतेक दुसऱ्या खोलीत गेला, कारण आवाज खाली आला.

"उद्या नको ताई," तो म्हणाला. "सावनेरपासून एकाच मुद्द्यावर आहेत, अन् मले आत्ता कुठं समजून राहिलं."